वाचकांचे प्रश्न : लस दिली, तरी मानमोडी का आली?

ब्रॉयलर पक्ष्यांच्या मानमोडी रोगाविषयी, म्हणजे ज्याला आपण राणीखेत या नावानेही ओळखतो त्या रोगाविषयी, गेल्या काही आठवड्यांत बरीच पत्रे आली. त्यांपैकी काही पत्रांना येथे उत्तरे दिली आहेत. पहिल्या पत्राचे उत्तर बरेच मोठे झाले आहे. त्या वाचकांनी लसीकरणाच्या दिवसाचा तपशील इतका नेमका लिहिला आहे, की त्यावर सविस्तर लिहिणे सर्वांच्याच उपयोगाचे ठरेल.

प्रश्न : माझे ५,००० ब्रॉयलर पक्ष्यांचे शेड आहे. पिल्ले मी स्वतः विकत घेऊन वाढवतो. सातव्या दिवशी लासोटा ही मानमोडीची लस डोळ्यांत थेंबाने, चौदाव्या दिवशी गंबोरो या दुसऱ्या विषाणुजन्य रोगाची लस पाण्यातून आणि एकविसाव्या दिवशी पुन्हा लासोटा पाण्यातून दिली. एप्रिल महिना होता. पक्ष्यांना चांगली तहान लागावी म्हणून पहाटेपासून पाणी बंद ठेवले, सकाळी दहा वाजता ग्रामपंचायतीच्या नळाच्या ४० लिटर पाण्यात ५,००० मात्रा मिसळून ड्रिंकर भरले आणि पक्ष्यांनी वीस मिनिटांत सगळे पाणी संपवले. तिसाव्या दिवसानंतर पक्षी हिरवे हगू लागले, काहींच्या माना पिळवटल्या आणि आठवड्याभरात सुमारे ७०० पक्षी मेले. मला विकलेली लस बनावट असेल काय?
— सिन्नर तालुक्यातील एक कुक्कुटपालक

उत्तर : आपले झालेले नुकसान मोठे आहे, आणि तीन वेळा लस देऊनही रोग आल्यावर लसीविषयीच शंका येणे स्वाभाविक आहे. बनावट किंवा मुदत संपलेली लस बाजारात नसतेच, असे म्हणण्याचे धाडस कोणी करणार नाही. परंतु आपल्या पत्रातील एका वाक्याकडे मला आपले लक्ष वेधायचे आहे, आणि ते वाक्य म्हणजे पक्ष्यांनी वीस मिनिटांत पाणी संपवले, हे. आपल्याला ती लस नीट गेल्याची खूण वाटली. माझ्या मते आपल्या शेडमधील बिघाडाचे मूळ बहुधा तिथेच आहे.

पाण्यातून लस देताना प्रत्येक पक्ष्याला ड्रिंकरपाशी येऊन पुरेसे पाणी पिण्याइतका वेळ मिळायला हवा, आणि त्यासाठी लसीचे पाणी साधारण दीड ते दोन तास पुरले पाहिजे. पाण्याचा ढोबळ हिशेब असा, की पक्ष्यांचे वय जितके दिवस, तितके लिटर पाणी दर १,००० पक्ष्यांमागे घ्यावे. एकविसाव्या दिवशी १,००० पक्ष्यांना सुमारे २१ लिटर, म्हणजे आपल्या ५,००० पक्ष्यांना १०० लिटरच्या वर पाणी लागले असते. आपण घेतले ४०. त्यातच पहाटेपासून तहानलेले पक्षी एकदम ड्रिंकरवर तुटून पडले. अशा वेळी दांडगे पक्षी पोटभर पितात आणि दुबळे पक्षी मागे ढकलले जातात, आणि ड्रिंकर हलून बरेच पाणी तुसावर सांडते. काही पक्ष्यांना दुप्पट मात्रा मिळाली असेल आणि कित्येकांना एक थेंबही मिळाला नसेल. कागदावर ५,००० मात्रा गेल्या, पण ५,००० पक्ष्यांना लस मिळाली असे म्हणता येत नाही, आणि मानमोडीचा विषाणू शेडमध्ये शिरला की तो आधी याच सुटलेल्या पक्ष्यांत वाढतो. यापुढे उन्हाळ्यात लसीपूर्वी एक तास आणि थंडीत फार तर दोन तास पाणी तोडावे. वयाच्या हिशेबापेक्षाही भरवशाची एक रीत आहे. लसीच्या आदल्या दिवशी, ज्या वेळेला लस द्यायची त्याच वेळेला, पक्षी दोन तासांत किती पाणी पितात ते मोजून ठेवावे आणि दुसऱ्या दिवशी तेवढेच पाणी घ्यावे.

दुसरी गोष्ट नळाच्या पाण्याची. ग्रामपंचायतीच्या पाण्यात ब्लिचिंग पावडर घातलेली असते, आणि ती असायलाच हवी, कारण ते पाणी माणसांसाठी आहे. मात्र लासोटा ही जिवंत लस आहे. तिच्यातील सौम्य विषाणू पक्ष्याच्या शरीरात वाढला तरच प्रतिकारशक्ती तयार होते, आणि क्लोरीन त्याला पाण्यातच मारून टाकते. लसीसाठी विहिरीचे किंवा बोअरचे, औषध न घातलेले स्वच्छ पाणी वापरावे. लसीच्या आधी २४ तास आणि नंतर २४ तास पाण्यात कोणतेही जंतुनाशक, ॲसिडिफायर (पाणी आम्लधर्मी करणारे द्रव्य) किंवा औषध घालू नये, आणि ड्रिंकर नुसत्या पाण्याने घासून घ्यावेत. एवढे करूनही पाण्यात दर लिटरला सुमारे २.५ ग्रॅम स्निग्धांशविरहित दूध पावडर विरघळवून पंधरा-वीस मिनिटे थांबावे आणि मगच लस मिसळावी, कारण दुधातील प्रथिने उरलेसुरले क्लोरीन निष्प्रभ करतात आणि विषाणूला आधार देतात. १०० लिटर पाण्याला पाव किलो पावडर पुरते. बॅचच्या एकूण खर्चात ही रक्कम इतकी क्षुल्लक आहे, की ती वाचवण्याचा मोह कुणी का करावा, हे मला खरोखर समजत नाही.

पाणी प्लॅस्टिकच्या बादलीत किंवा टाकीत घ्यावे, धातूच्या भांड्यात घेऊ नये. कुपीचे बूच पाण्याखाली धरून उघडावे, म्हणजे आतली पावडर हवेत न उडता पाण्यात मिसळते. एप्रिलमध्ये सकाळी दहाला पत्र्याखालचे तापमान काय असते ते आपल्याला ठाऊक आहे, म्हणून हे काम उन्हे वर येण्याआधी उरकावे. लस दुकानाच्या फ्रिजपासून आपल्या शेडपर्यंत २ ते ८ अंश सेल्सिअसमध्ये राहिली पाहिजे. प्लॅस्टिकच्या पिशवीत बर्फाचे दोन खडे टाकून दुचाकीच्या हँडलला लटकवलेली लस घरी येईपर्यंत बर्फाच्या पाण्यात तरंगत असते. लहानसा थर्मास किंवा थर्मोकोलचा डबा आणि गोठवलेल्या जेलच्या पिशव्या ही काही मोठी खरेदी नव्हे. लस किती पक्ष्यांनी प्यायली हे तपासायचे असेल तर पाण्यात लसीसाठीची निळी गोळी मिसळावी, आणि नंतर शेडच्या चारही कोपऱ्यांतून शंभरेक पक्षी धरून त्यांची जीभ पाहावी. त्यांतील नव्वदांच्या वर पक्ष्यांची जीभ निळी दिसली, तर लस पोहोचली असे समजावे. निप्पलची पाइपलाइन असेल तर आधीचे पाणी सोडून द्यावे आणि शेवटच्या निप्पलमधून निळे पाणी येईपर्यंत लाइन पक्ष्यांच्या उंचीला उतरवू नये. पक्षी पाणी पीत असताना शेडमधून सावकाश फेऱ्या माराव्यात, म्हणजे बसलेले पक्षी उठून पाण्याकडे येतात.

आता गंबोरोविषयी. आपण विचारलेले नाही, तरी हा मुद्दा मानमोडीशी थेट जोडलेला आहे. गंबोरोचा विषाणू पक्ष्याच्या गुदद्वाराजवळील बर्सा या अवयवावर हल्ला करतो, आणि प्रतिपिंडे तयार करणाऱ्या पेशी तिथेच घडत असतात. बर्सा लवकर बिघडला तर त्यानंतर दिलेली मानमोडीची लस कितीही चांगली असली तरी पक्ष्याचे शरीर तिला नीट प्रतिसाद देत नाही. चौदावा दिवस ही सरासरी झाली. पिल्लांना आईकडून मिळालेली गंबोरोविरोधी प्रतिपिंडे प्रत्येक हॅचमध्ये कमी-जास्त असतात. लस लवकर दिली तर ती प्रतिपिंडे तिला मारतात, उशिरा दिली तर शेडमधला विषाणू आधी पोहोचतो. पहिल्या आठवड्यात वीसेक पिल्लांचे रक्त प्रतिपिंडे मोजणाऱ्या एलायझा चाचणीसाठी पाठवले तर आपल्या बॅचसाठी योग्य दिवस गणिताने काढता येतो. दर बॅचला हे शक्य नसले तरी लागोपाठ दोन बॅचमध्ये त्रास झालेल्या शेडला हा खर्च करायलाच हवा. साठवणुकीत बुरशी लागलेल्या मक्यातील अफ्लाटॉक्सिन या बुरशीच्या विषानेही प्रतिकारशक्ती अशीच खचते, म्हणून खाद्याचाही नमुना तपासावा.

निदानाबद्दल थोडेसे. पिळवटलेली मान, लुळे पडलेले पाय किंवा पंख, हिरवट पातळ विष्ठा आणि चोच उघडून घेतलेला श्वास ही मानमोडीचीच लक्षणे आहेत. शवविच्छेदनात गिझार्डच्या (दाणे दळणाऱ्या स्नायूंच्या पिशवीच्या) आधी असलेल्या जठराच्या आतील बाजूस टाचणीच्या टोकाएवढे रक्ताचे ठिपके दिसले तर संशय बळावतो. तरीही खात्री प्रयोगशाळेतच होते. पुन्हा अशी वेळ आल्यास नुकतेच मेलेले किंवा मरणपंथाला लागलेले पक्षी तालुक्याच्या पशुवैद्यकीय दवाखान्यात दाखवावेत. तेथून नमुने पुण्याला औंध येथील रोग अन्वेषण विभागाकडे पाठवता येतात. कुजलेल्या पक्ष्यावरून कोणालाच काही सांगता येत नाही.

आणखी एक गोष्ट स्पष्ट सांगितली पाहिजे. लस नीट दिली तरी ती पक्ष्याला आजारापासून आणि मृत्यूपासून वाचवते, विषाणूला शरीरात शिरण्यापासून पूर्णपणे रोखत नाही. लस दिलेला, दिसायला धडधाकट पक्षीही काही दिवस विष्ठेतून आणि श्वासातून विषाणू बाहेर टाकू शकतो. म्हणून पक्षी उचलायला येणाऱ्या गाडीची चाके आणि क्रेट, चार शेड फिरून आलेल्या व्यापाऱ्याची पादत्राणे आणि खाद्याची परत केलेली पोती यांच्यावर नजर ठेवावीच लागते. या विषाणूला स्निग्ध पदार्थाचे वेष्टन असल्याने साबण, साधी जंतुनाशके आणि ऊन यांनी तो मरतो, मात्र विष्ठेच्या थराखाली तो टिकून राहतो. त्यामुळे आधी तूस काढणे, मग धुणे, मग जंतुनाशक मारणे, हा क्रम मोडू नये. मेलेले पक्षी खोल खड्ड्यात चुना टाकून पुरावेत, आणि धुतलेले शेड निदान दोन आठवडे रिकामे ठेवावे. आजारी पक्ष्यांना त्या अवस्थेत लस टोचण्याचा सल्ला कुणी दिला तर तो मानू नये. रोगाची लक्षणे दिसायला साधारण पाच-सहा दिवस, काही वेळा पंधरा दिवसही लागतात, म्हणजे शेडमधल्या बऱ्याच पक्ष्यांत विषाणू आधीच शिरलेला असतो, आणि पक्षी धरण्याच्या धावपळीत माणसांचे हात आणि सुया त्याला उरलेल्यांपर्यंत पोहोचवतात.

प्रश्न : पहिली लस डोळ्यांतून देण्यासाठी ३,००० पिल्ले एकेक करून धरावी लागतात. मजूर मिळत नाहीत. ती पाण्यातूनच दिली तर चालणार नाही का?
— जत तालुक्यातील एक तरुण वाचक

उत्तर : पहिल्या मात्रेसाठी मी तसे सुचवणार नाही. ज्या कोंबड्यांच्या अंड्यांतून ही पिल्ले निघतात त्यांना भरपूर लसी दिलेल्या असतात, त्यामुळे त्यांची प्रतिपिंडे अंड्यातील बलकातून पिल्लाच्या रक्तात उतरतात. साधारण साडेचार दिवसांनी त्यांचे प्रमाण निम्मे होते. पाचव्या-सातव्या दिवशी ती बरीच शिल्लक असतात आणि पोटातून गेलेल्या लसीला चांगलाच अडसर करतात. डोळ्यात टाकलेला थेंब मात्र डोळ्यामागच्या हार्डेरियन ग्रंथीपर्यंत आणि नाकाच्या मार्गाने श्वासनलिकेपर्यंत पोहोचतो. तिथे आईच्या प्रतिपिंडांचा प्रभाव कमी असतो आणि पिल्लाची स्वतःची स्थानिक प्रतिकारशक्ती तयार होऊ लागते. शिवाय मानमोडीचा विषाणू बऱ्याचदा याच वाटेने आत येतो. त्याखेरीज इतक्या लहान पिल्लांचे पाणी पिणे सारखे नसते, आणि थेंबामुळे प्रत्येक पिल्लाला ठरावीक मात्रा मिळते.

१,००० मात्रांच्या लसीसाठी साधारण ३० मिलिलिटर द्रावक येते, म्हणजे एक थेंब ०.०३ मिलिलिटरचा. ड्रॉपर डोळ्यापासून एखादा सेंटिमीटर वर उभा धरावा, थेंब टाकल्यावर पिल्लू पापणी मिटून तो आत घेईपर्यंत थांबावे आणि मगच सोडावे. घाई होते ती इथेच. थेंब गालावरून ओघळला तर ते पिल्लू लसीविना राहिले असे समजून पुन्हा थेंब टाकावा. एका वेळी एकच कुपी विरघळवावी, बाटली बर्फावर ठेवावी आणि तासाभरात संपवावी. हातात बाटली धरून ठेवल्यानेही ती गरम होते, म्हणून दोन बाटल्या आलटून-पालटून वापराव्यात. शेवटी रिकाम्या कुप्या आणि पिल्लांची संख्या ताडून पाहावी. ३,००० पिल्लांत अडीच कुप्याच लागल्या असतील, तर काम चोख झाल्याचा आनंद मानू नये. पिल्ले सुटली आहेत किंवा थेंब लहान पडले आहेत, असाच त्याचा अर्थ होतो.

मनुष्यबळाची अडचण खरी आहे, आणि तिच्यावर हॅचरीत उपाय निघू शकतो. काही हॅचऱ्या पहिल्याच दिवशी पिल्लांवर लसीचा जाडसर फवारा मारतात. काही ठिकाणी टर्कीच्या हर्पिस विषाणूत मानमोडी विषाणूचा एक जनुक बसवून तयार केलेली लस मानेच्या कातडीखाली टोचतात. ही लस द्रवरूप नायट्रोजनमध्ये साठवावी लागत असल्याने ते काम हॅचरीतच होऊ शकते. आईच्या प्रतिपिंडांचा तिला फारसा अडथळा होत नाही, पण तिचे पूर्ण संरक्षण उभे राहायला सुमारे तीन आठवडे लागतात, म्हणून मधल्या काळासाठी जिवंत लसीची जोड द्यावी लागते. पिल्ले घेताना त्यांना कोणती लस दिली आहे हे हॅचरीकडून लेखी घ्यावे.

लस टोचणाऱ्यांनी आणि थेंब टाकणाऱ्यांनी स्वतःचे डोळे सांभाळावेत. लसीचा थेंब किंवा लस लागलेले बोट डोळ्याला लागले तर डोळे लाल होऊन चुरचुरतात. बहुधा काही दिवसांत ते आपोआप बरे होतात, तरी साधा चष्मा लावणे आणि काम झाल्यावर साबणाने हात धुणे बरे.

प्रश्न : लासोटा दिल्यानंतर तिसऱ्या-चौथ्या दिवशी पक्षी शिंकतात आणि रात्री शेडमधून घरघर ऐकू येते. औषध दुकानदाराने लगेच अँटिबायोटिक सुरू करायला सांगितले. पुढच्या वेळी ही लसच टाळावी काय?
— गडहिंग्लज येथील वाचक

उत्तर : लस टाळू नये. जिवंत विषाणू श्वासनलिकेत वाढतो तेव्हा थोडी शिंक येणे अपेक्षितच आहे, आणि पक्षी खात-पीत असतील तर चार-पाच दिवसांत ती थांबते. विषाणूवर अँटिबायोटिकचा परिणाम होत नाही. घरघर आठवड्याच्या पुढे गेली, पक्षी खाद्य सोडू लागले किंवा मरतूक वाढली, तर मायकोप्लाझ्मा आणि ई. कोलाय या जिवाणूंनी संधी साधली असण्याची शक्यता आहे, आणि त्या वेळी पशुवैद्यकाने पक्षी उघडून पाहूनच औषध ठरवावे. दुकानदाराच्या अंदाजाने दिलेली औषधे पुढे माणसांच्याच उपचारांत अडचण होऊन बसतात. कोलिस्टिन या औषधाचा पशुपालनातील वापर केंद्र सरकारने २०१९ मध्ये याच कारणाने बंद केला.

आपल्याकडे शिंक जास्त होत असेल तर शेडमधला अमोनिया पाहावा. सकाळी आत शिरताच डोळे झोंबत असतील तर पक्ष्यांच्या श्वासनलिकेची स्थिती लसीच्या आधीपासूनच वाईट आहे. पडदे वेळेवर उघडणे, ओले तूस काढून टाकणे आणि उरलेले खाली-वर करणे हा त्यावरचा इलाज आहे. पहिली मात्रा बी-१ किंवा एफ या अधिक सौम्य प्रकारची आणि दुसरी लासोटाची, असा क्रम ठेवला तरी प्रतिक्रिया कमी होते.

प्रश्न : आमचे शेड एका कंपनीच्या करारात आहे. पिल्ले, खाद्य आणि लस कंपनीकडूनच येते. मागच्या बॅचला सातव्या दिवशी थेंबाबरोबर मानेत इंजेक्शन दिले होते, या बॅचला दिले नाही. विचारले तर सुपरवायझर म्हणतात, गरज नाही. शिवाय माझ्या सासूबाईंच्या दहा-बारा गावरान कोंबड्या अंगणात असतात, त्या काढून टाका असेही ते म्हणतात. काय करावे?
— कर्जत तालुका, रायगड येथील एक भगिनी

उत्तर : मानेतले इंजेक्शन म्हणजे मेलेल्या विषाणूची, तेलात मिसळलेली लस. तिची प्रतिपिंडे सावकाश चढतात पण जास्त काळ टिकतात, म्हणून ज्या भागात मानमोडीचा जोर आहे तिथे ती जिवंत लसीच्या जोडीला देतात. तिचा खर्च आणि मजुरी दोन्ही जास्त असल्याने काही कंपन्या रोगाचा जोर कमी असेल तेव्हा ती वगळतात. हा निर्णय चूकच आहे असे म्हणता येणार नाही. परंतु तो कंपनीच्या पशुवैद्यकाने घेतलेला असावा, आणि त्याचे कारण आपल्याला सांगितले गेले पाहिजे. पक्षी कंपनीचे असले तरी मरतूक वाढल्यावर मोबदला आपलाच घटतो. म्हणून प्रत्येक लसीचे नाव, बॅच क्रमांक, मुदतीची तारीख, देण्याची तारीख आणि वेळ शेडच्या कार्डावर लिहून सुपरवायझरांची सही घ्यावी, आणि कुपीवरची चिठ्ठी काढून कार्डाला चिकटवावी. हे मागताना संकोच करू नये. पुढे वाद झाला तर हाच पुरावा आपल्या हाती राहतो. ही तेलातील लस कधी दिली गेलीच, तर ती बर्फात गोठलेली नाही ना हे पाहावे. गोठल्यावर तेल आणि पाणी वेगळे होतात आणि ती निरुपयोगी ठरते. टोचण्यापूर्वी ती काही तास बाहेर ठेवून शेडच्या तापमानाला आणावी लागते.

गावरान कोंबड्यांविषयी सुपरवायझरांची काळजी रास्त आहे. लस न दिलेल्या परसातल्या कोंबड्यांत हा विषाणू टिकून राहतो, आणि बाजारातून आणलेली एखादी नवी कोंबडी तो घरी घेऊन येते. करारात तशी स्पष्ट अट असेल तर ती पाळावी लागेल. अट नसेल तर, सासूबाईंच्या हाती अंड्यांचे येणारे चार पैसे बंद करण्यापेक्षा त्या कोंबड्यांना लस देणे मला अधिक योग्य वाटते. पिल्लांना आधी लासोटा किंवा एफ लसीचा थेंब द्यावा, आणि सहा ते आठ आठवड्यांच्या वयात आर-टू-बी लस पंखाखाली कातडीत ०.५ मिलिलिटर टोचून घ्यावी. ही लस १९४० च्या दशकात कुमाऊँमधील मुक्तेश्वरच्या संस्थेत तयार झाली, आणि आपल्याकडे गावरान कोंबड्यांना ती दीर्घकाळ दिली जात आहे. पशुवैद्यकीय दवाखान्यात चौकशी करावी. एकाच वेळी शेजारपाजारच्या कोंबड्याही घेतल्या तर कुपी वाया जात नाही. मात्र ही लस लासोटापेक्षा बरीच तीव्र आहे. ती लहान पिल्लांना किंवा आपल्या शेडमधल्या ब्रॉयलरना चुकूनही देऊ नये, त्याने पक्षी मरतात. गावरान कोंबड्यांना शेडपासून दूर कुंपणात ठेवावे, नवी कोंबडी दोन आठवडे वेगळी ठेवावी, आणि त्यांना दाणे टाकून आल्यावर चप्पल बदलल्याशिवाय शेडमध्ये पाऊल टाकू नये.

प्रश्न : कोंबड्यांना इतक्या लसी देतात, तर ते चिकन मुलांना द्यावे का?
— ठाणे येथील वाचक

उत्तर : निःशंकपणे द्यावे. लसीमुळे पक्ष्याच्या अंगात त्याची स्वतःची प्रतिपिंडे तयार होतात. ती प्रथिने असतात आणि शिजवल्यावर इतर प्रथिनांसारखीच पचतात. ब्रॉयलरची शेवटची लस बहुधा तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात होते, आणि लस व कत्तल यांमध्ये किती दिवस जावे लागतात हे लसीच्या चिठ्ठीवर दिलेले असते. ते पाळणे कुक्कुटपालकाचे कर्तव्य आहे. काळजी करायचीच तर ती मनमानी वापरलेल्या अँटिबायोटिकची करावी. लस नीट दिलेल्या कळपाला त्यांची गरज कमी पडते.

प्रश्न : मानमोडीवर लस आहे, तर बर्ड फ्लूवर का देत नाहीत?
— नवापूर, नंदुरबार येथील कुक्कुटपालक

उत्तर : आपल्या तालुक्याने हे दुःख दोनदा सोसले आहे, फेब्रुवारी २००६ मध्ये, जेव्हा देशातला पहिला उद्रेक तिथे झाला, आणि पुन्हा २०२१ मध्ये. अतितीव्र बर्ड फ्लूच्या बाबतीत आपल्या सरकारचे धोरण लस देण्याचे नसून बाधित ठिकाणाभोवती १ किलोमीटरच्या परिघातील पक्षी नष्ट करून १० किलोमीटरपर्यंत पाळत ठेवण्याचे आहे. त्यामागचा विचार असा, की लस दिलेले पक्षी मरत नाहीत, पण विषाणू पसरवत राहू शकतात. मानमोडीत हा दोष आपण सोसतो, कारण तिचा माणसाला होणारा त्रास डोळे येण्यापुरता असतो. बर्ड फ्लूचा विषाणू माणसाचा जीव घेऊ शकतो, त्यामुळे तो लपून पसरणे परवडणारे नाही. एच-९-एन-२ या सौम्य प्रकारावर मात्र भोपाळच्या राष्ट्रीय उच्च सुरक्षा पशुरोग संस्थेच्या तंत्रज्ञानातून लस तयार झाली असून तिच्या वापराला आपल्याकडे परवानगी आहे.

२००६ मध्ये नवापुरात सुरुवातीची मरतूक राणीखेतचीच आहे असा समज होता, आणि हा समज सहज होण्याजोगा आहे, कारण अचानक मरणारे पक्षी, सुजलेले डोके आणि जठरातले रक्ताचे ठिपके दोन्ही रोगांत दिसू शकतात. दोन्ही रोग २००९ च्या केंद्रीय कायद्यानुसार कळवणे बंधनकारक असलेल्या रोगांत मोडतात. म्हणून मानमोडीची लस दिलेल्या शेडमध्येही एका-दोन दिवसांत मरतूक एकाएकी वाढली, तर स्वतः निदान करत बसू नये. त्याच दिवशी पशुवैद्यकीय दवाखान्याला कळवावे, आणि प्रयोगशाळेचा निकाल हाती येईपर्यंत शेडमधून एकही पक्षी, खाद्याचे पोते किंवा खताची गाडी बाहेर जाऊ देऊ नये.